पंचाहत्तर इंच, उरेब

यंदा भात पिकलं ते मला वासावरून कळलं. दिसलं नाही. नाक अजून शाबूत आहे म्हणून बरं, नाहीतर दसरा आला की गेला हेसुद्धा मला वाण्याच्या यादीवरून समजलं असतं. पिकल्या भाताचा वास कोरड्या तव्यावर भाकरी टाकावी तसा असतो. सकाळी दवात ओला, दुपारी खरपूस. तो मागच्या अंगणातून, स्वयंपाकघराच्या जाळीतून, चोरासारखा वळसा घेऊन माझ्यापर्यंत आला. पूर्वी सरळ यायचा. पूर्वी म्हणजे गेल्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत. तोवर बैठकीच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनसमोर, तीन फूट रुंदीची खिडकी होती. खिडकीत खाचरं, खाचरांच्या पलीकडे आंब्यांची रांग, आणि सगळ्यांच्या मागे माथेरानचा डोंगर, जेवण झाल्यावर पाय पसरून बसलेल्या बाईसारखा ऐसपैस.

आता तिथे टीव्ही आहे.

खिडकी कुठे गेली नाही बरं का. ती आहे. टीव्हीच्या मागे प्लायवूड, प्लायवूडवर दगडासारखा दिसणारा प्लास्टिकचा पत्रा, आणि त्याच्या मागे खिडकी. खरा डोंगर झाकायला आम्ही खोटा दगड विकत आणला. लोक म्हणतात, आजी, या वयात एवढं चिडू नये, शांत व्हावं. का म्हणून? शांत व्हायला मला पुढे पुष्कळ वेळ मिळणार आहे.

आणि संताप याचा की तो टीव्ही मीच निवडला.

जुना टीव्ही बंद पडला तेव्हा माझा मुलगा सुहास म्हणाला, "आई, आता मोठा घेऊ. भिंतीवर किती मोठा बसेल?" सुहास रसायनीला कंपनीत आहे; तिथे म्हणे तो मोठमोठ्या टाक्यांची मापं घेतो, पण घरात त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही. माप म्हटलं की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत मी, आमचे हे शाळेत मास्तर होते तेव्हापासून. मंगळसूत्र एखादे वेळी काढून ठेवलं असेल, टेप नाही. खिडकीची चौकट संपते तिथून कोपऱ्यापर्यंत मोजलं. सत्तावन्न इंच. शिवणीला सोडतात तसा दोन इंच दाब सोडला. "पंचावन्न इंची घे," मी निकाल दिला. निकाल देताना माझा आवाज कसा होतो ते घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोललं नाही.

खोपोलीच्या दुकानात वीसेक टीव्ही एकाच वेळी एकच पोपट दाखवत होते. वीस पोपट एकदम मान वळवत होते. मी गळ्यातला टेप काढला आणि पंचावन्न इंचीला लावला. अठ्ठेचाळीस.

"दादा, हा अठ्ठेचाळीस आहे."

"पंचावन्नच आहे आजी."

"मला आकडे वाचता येतात. हा बघा टेप. सात इंच कुठे गेले?"

"आजी, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

"म्हणजे उरेब?"

त्या बिचाऱ्याला उरेब माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात कापड तिरकं धरून कापलं की त्याला उरेब म्हणतात. उरेब कापड ताणलं की वाढतं, हवं तसं वळतं, म्हणून गळ्याला त्याची पट्टी लावायची. पण माप कधी कुणी उरेब घेतं का? छत्तीस छातीच्या बाईला खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकं मोजून मी "तुम्ही अठ्ठेचाळीस" असं सांगितलं असतं, तर तिने तोच टेप माझ्या गळ्याभोवती आवळला असता. मी त्याला हे सगळं मोठ्याने समजावलं. गिऱ्हाइकं जमली. सुहास पोपटांकडे बघत उभा राहिला, जणू या बाईला तो ओळखतच नाही.

विकणारा मात्र पक्का. "आजींना रुंदी पूर्ण हवीय ना? मग पासष्ट इंची बघा." मोजला. सत्तावन्न. भिंत सत्तावन्न, टीव्ही सत्तावन्न. दाबाला जागा नाही, श्वास घेतला की शिवण उसवणार. "मग पंचाहत्तर," तो गोड हसून म्हणाला, "भिंतभर. खिडकीवर जाईल जरासा, पण आता खिडक्या ठेवतंय कोण?" त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं? मी ठेवते, असं म्हणायला हवं होतं. पण मी त्या सात इंचांच्या रागात होते. मला कुणीतरी सात इंचांना फसवलं होतं आणि ते मला व्याजासकट वसूल करायचे होते. "दाखवा," मी म्हणाले. "बघतेच मी." काय बघणार होते कोण जाणे.

बसवायला माणूस आला तेव्हा कळलं की आमच्या खिडकीच्या झडपा आत उघडतात आणि उजवी झडप टीव्हीला लागते. तो म्हणाला, "काकू, खिडकी बंदच करून टाका ना. पॅनल मारून देतो. ग्लेअर पण येणार नाही." ग्लेअर म्हणजे काय, हे मला नातीने सांगितलं. ईरा अकरावीत आहे, तिला सगळं माहीत असतं. ग्लेअर म्हणजे उजेड. ज्या उजेडात मी चाळीस वर्षं सुईत दोरा ओवला, त्याचं नाव आता ग्लेअर, आणि तो येऊ नये म्हणून माणूस बोलवायचा. "बघा तुमचं काय ते," मी म्हणाले. आमच्या घरात बाईच्या या वाक्याला होकार समजतात. मुलाला दोष कसा देऊ? मी जन्मभर होकार असाच देत आले.

खरं म्हणजे मला उजेडाचं एवढं नव्हतं. खिडकीचं खरं काम दुसरंच होतं. रोज दुपार कलली की खाचरांच्या बांधावरून जैनब यायची. पलीकडच्या आळीत तिचं घर. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी ब्लाउज शिवायचे आणि जैनब त्यांना हूक लावायची, काजं करायची. तिच्यासारखं काज पंचक्रोशीत कुणाला जमलं नाही. डोळा मिटावा तसं मिटायचं. गजांतून मी तिला शिवलेले ब्लाउज द्यायचे, गजांतून ती मला पुरे झालेले परत द्यायची, आणि त्या देण्याघेण्यात तास दीड तास बोलणं व्हायचं. सुना, गुडघे, पाणी, कोण मेलं, कोण मरत नाही. धंदा आता नावापुरता उरला, महिन्याला चार ब्लाउज. पण जैनबचं येणं सुटलं नव्हतं. आमचं दार रस्त्याच्या बाजूला, खिडकी शेताच्या बाजूला. बांधावरून आलं की खिडकीच पहिली लागते. इतकं साधं होतं ते. निदान मी स्वतःला तसंच सांगत आले होते.

आणि तो टीव्ही! घरात माणूस आणावा तसा तो आला आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशा करू लागला. लावला की आधी विचारतो, कोण बघतंय? खाली सुहासचं नाव, सुनेचं नाव, ईराचं नाव, प्रत्येकाचं रंगीत तोंड. माझं नाव नाही. मी पाहुणी. "आजी, तू गेस्टमधून बघ ना, तुझं वेगळं कशाला?" ईरा म्हणाली. ज्या भिंतीला मी तीन वेळा चुना लावलाय, त्या भिंतीवर मी पाहुणी. तासभर काही बघितलं की पुन्हा विचारतो, तुम्ही अजून बघताय का? म्हणजे आहात की गेलात? मी त्याला सांगितलं, "आहे रे मेल्या, आहे!" तर रिमोटने माझा आवाज ऐकला आणि मेळघाटाबद्दलचं काहीतरी लावलं.

चित्र इतकं स्पष्ट की बातम्या देणाऱ्या गृहस्थांच्या नाकातले केस मोजावेत. देशाचं काय चाललंय ते राहिलं बाजूला, माझं लक्ष केसांत. आणि काही न लावता तसाच सोडला की आपल्या मनाने डोंगर दाखवतो. कुठल्या तरी परमुलखातले, बर्फाचे, पायाशी निळं तळं. बरोबर तिथेच, जिथे माझा डोंगर होता. मी कुरकुर केली तर सुहास उत्साहाने म्हणाला, "आई, बाहेर एक कॅमेरा लावतो. तुझा डोंगर टीव्हीवर दिसेल, लाइव्ह!" म्हणजे डोंगर बघायला आधी रिमोट शोधायचा, आणि वीज गेली की माथेरान गेलं!

पण खोटं कशाला बोलू? पहिले आठ दिवस मीही तोंड उघडं टाकून टीव्हीच बघत होते. दसरा सरला, कोजागिरी झाली, खाचरांत विळे लागले असतील, मला पत्ता नाही. एका संध्याकाळी आम्ही सगळे मिळून कसलासा लढाईचा सिनेमा बघत होतो. सुहासने दोन उभे खांबांसारखे स्पीकरही आणले होते. तोफा, घोडे, आरडाओरडा. मध्येच ठक ठक असा आवाज आला. थांबला. पुन्हा ठक ठक ठक.

"बघ आजी," ईरा म्हणाली, "सराउंड साउंड. आवाज कसा भिंतीतून आल्यासारखा वाटतो ना?"

"खरंच गं," मी कौतुकाने म्हणाले. "अगदी कुणीतरी खिडकी ठोकतंय असं वाटतं."

हे वाक्य मी म्हटलं. मीच. वर मान डोलावली.

माझा पहिला टीव्ही याच खोलीत आला होता, याच दिवसांत, भातं पिवळी असताना. तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर होते आणि माझ्याइतकी आधुनिक बाई कर्जत ते खोपोली रस्त्यावर दुसरी नाही अशी माझी खात्री होती. काळा-पांढरा टीव्ही, त्याला सरकती लाकडी दारं, दारांना कुलूप, कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. हे पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचे आणि मी खालून ओरडायचे, "आलं! आलं! गेलं! अहो, होतं तिथेच ठेवा!" अख्ख्या आळीला आमच्या चित्राची खबर असायची. किल्ली फिरवताना मी मुद्दाम पदर सारखा करायचे. मंत्रिमंडळाचा शपथविधी असावा तसा माझा चेहरा. आठवलं की आता स्वतःलाच एक चापट द्यावीशी वाटते.

रविवारच्या सिनेमाला खोली भरायची. बायका, पोरं, पोरांच्या नाकांसकट. आणि खरी गंमत बातम्यांची. बातम्यांना बायका यायच्या त्या गळे बघायला. बातम्या देणाऱ्या बाईच्या ब्लाउजचा गळा त्या दिवशी कसा आहे, चौकोनी की पानाचा, ते बघून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कापड. कुठे पूर आला, कुणाचं सरकार पडलं, काही कळायचं नाही. "टीव्हीचा गळा" हे नाव माझ्या धंद्यात मीच आणलं. तो गळा माझ्यासाठी कागदावर कोण उतरवून घ्यायचं? जैनब. तिची नजर तेज. कागद खिडकीच्या चौकटीवर ठेवून पेन्सिलीने दोन रेषांत गळा पकडायची.

खिडकीच्या चौकटीवर. बाहेरून.

कारण ती बाहेर असायची. आळीतली सगळी आत, चटईवर, आणि जैनब बाहेर एका पालथ्या डब्यावर बसून, गजांना धरून. सासूबाईंना ती आत आलेली चालली नसती. त्या तसं कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "तिथून दिसतंय की तिला." संपलं. जैनबनेही कधी पायरी चढून बघितली नाही. आणि मी, आधुनिक बाई, मी काय केलं? मी खिडकी सताड उघडी ठेवायचे. डास यायचे, सासूबाई कुरकुरायच्या, पण मी खिडकी लावू दिली नाही. एवढंच नाही, भिंतीला सरळ ठेवलेला टीव्ही मी एका रविवारी स्वतः ढकलून तिरका केला, उरेब, म्हणजे खोलीतल्यांनाही दिसेल आणि खिडकीतूनही दिसेल. केवढी माझी युक्ती, केवढं माझं मन! त्या रात्री मी यांना म्हणाले सुद्धा, "आपण माणसात भेद करत नाही." हे पेपर वाचत होते. "हं," म्हणाले.

बाईला आत घ्यायचं सोडून मी टीव्ही फिरवला. आणि चाळीस वर्षं त्याचा अभिमान बाळगला.

तिच्या घरी मात्र मी जायचे, अगदी आत. ईदला तिच्या पलंगावर पाय वर घेऊन शीरखुर्मा खायचे, दुसरी वाटी मागून घ्यायचे आणि घरी येऊन सासूबाईंना सांगायचे, काजं तपासायला गेले होते. तोंडाला वेलचीचा वास. माझं शौर्य एवढंच, वाटीभर.

तर गेल्या वर्षी, टीव्ही आल्याला आठ दिवस झाले आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की हातात शिवून झालेला ब्लाउज आहे आणि तो द्यायला खिडकी नाही. मग लक्षात आलं की जैनबच नाही. फोन तिच्याकडेही आहे, माझ्याकडेही, पण आम्ही एकमेकींना कधी केला नव्हता. खिडकीला कोण फोन करतं? दोन दिवस वाट बघितली, मग काठी घेतली, बांध धरला. दोन्ही बाजूंनी भात निम्मं कापून झालं होतं, पेंढ्या पालथ्या पडलेल्या, बगळे त्यांच्यामधून मालकासारखे फिरत होते. हे सगळं माझ्या नकळत झालं होतं.

जैनब ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"ये गं मास्तरीन," ती म्हणाली. "लय दिसांनी?"

"मी लय दिसांनी? तू कुठे होतीस? दहा दिवस वाट बघतेय." हे खोटं होतं. आठ दिवस मी टीव्ही बघत होते, वाट दोनच दिवस.

"आलेवते की. दोनदा. ठोकलं, ठोकलं. आत ही लढाई चाललेली. मला वाटलं कामात हाय."

मला ती सराउंड साउंडची ठक ठक आठवली. आणि चूक माझी असली की मी वरून ओरडते, हा माझा जुना रोग. "अगं मग दारातून यायचं ना! दाराला काय झालं होतं?"

तिचे हात थांबले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एखादी जुनी वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं तशी ती थोडा वेळ बघत राहिली.

"दारातनं?" ती म्हणाली. "तुज्या दारातनं मी कदी आलेय गं?"

मी म्हणाले, सासूबाईंना जाऊन बावीस वर्षं झाली.

"त्या गेल्या त्ये मला ठाव हाय. मयतीला आलेवते, अंगनात हुबी व्हते. पन तू कदी बोल्लीच नाय, ये म्हनून." आणि तिने मेथीची दुसरी जुडी सोडली. "बस. च्या टाकते."

मी चहा घेतला का, आठवत नाही. परत येताना बांधावर मी मोठमोठ्याने बोलत होते. कापणीवाल्या बायका विळे थांबवून बघू लागल्या, त्यांना वाटलं म्हातारीचं डोकं गेलं. गेलं नव्हतं, जरा उशिरा ठिकाणावर येत होतं. बावीस वर्षं! नियम करणारी बाई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, तिच्या साड्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्या फाटल्या. आणि तो नियम तसाच, कुणी न सांभाळता, सांभाळलेला. सासूबाईंच्या माथी मारून मी मोकळी झाले होते. त्यांच्याकडे निदान नियम होता. माझ्याकडे काय होतं? सवय. मला ते सुचलंच नाही, आणि न सुचण्यासारखी सोपी गोष्ट जगात नाही.

घरी आले तर टीव्हीवर बर्फाचा डोंगर. मी सुहासला म्हणाले, "काढ हा. आत्ताच्या आत्ता. मला माझी खिडकी हवी."

"आई, भिंतीला आठ भोकं पाडलीत..."

"मी तुझ्या टीव्हीला नववं पाडीन."

"का पण? झालं काय?"

मी सांगितलं. जैनब आली होती, ठोकून गेली, आपण ऐकलं नाही. सुहास ऐकत होता. तो लहान असताना त्याच्या शर्टांची बटणं जैनबच लावायची, गजांतून त्याचा गालगुच्चा घ्यायची. मग तो सावकाश म्हणाला, "खिडकी उघडून काय होईल आई? जैनबमावशी परत बाहेरच उभी राहील ना?"

मी इतकी संतापले की मला शब्द सुचेनात. मुलगा चुकीचं बोलला की मला पुष्कळ शब्द सुचतात.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला गेले. "ये" म्हणून निरोप धाडला नाही. निरोपाने येणारी ती नव्हे, आणि निरोपाने भागवणारी मीही आता नव्हे. ठेवणीतली साडी नेसून ती निघाली. बांधावरून आलो, खिडकीच्या बाजूने आलो, आणि तिथे तिची पावलं आपोआप थांबली. बाहेरून झडपा अजून तशाच दिसत होत्या, बंद. मी तिचा हात धरला आणि घराला वळसा घालून दाराशी आणलं. तीस-चाळीस पावलांचा वळसा. मी मुद्दाम मोजला नाही.

पायऱ्यांखाली तिने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. उंबऱ्याशी आली आणि म्हणाली,

"येऊ का?"

आत सून होती, ईरा होती, सुहास होता. सगळे एकदम "या, या" म्हणाले, लग्नाला व्याही यावेत तसे, आणि त्या घाईने मला अजूनच लाज वाटली. सोफा दाखवला. ती सोफ्याकडे गेली नाही. "कुठं बसू?" असं म्हणत तिने खोलीभर नजर फिरवली. चाळीस वर्षं ती ही खोली बघत होती, कपाट कुठे, घड्याळ कुठे, तिला पाठ होतं, पण सगळं दुसऱ्या बाजूने. शेवटी ती टीव्हीखाली, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. बरोबर खिडकीपाशी. घरातली तेवढीच जागा तिच्या ओळखीची होती.

आता टीव्हीकडे बघणाऱ्या प्रत्येकाला तिच्याकडेही बघावं लागत होतं. सुहासने टीव्ही बंद केला.

मी तिच्याशेजारी खाली बसले. गुडघ्यांनी निषेध केला. सून चहा घेऊन आली, ईराने फराळाचं ताट ठेवलं. मी चकली अशी मोडली की तिचा भुगा झाला.

"कोनावर एवडी चिडलेस गं?" जैनबने हळूच विचारलं.

"आहे एक बाई. तिशीतली. कमरेला किल्ली लावून फिरायची. स्वतःला फार मोठ्या मनाची समजायची."

जैनबने चहाचा घोट घेतला. "वळखते मी तिला," ती म्हणाली. "लय बोलायची. पन गळा झकास कापायची हां. त्येला बोट ठेवायला जागा नाय." आणि हसली. मला हसू आलं नाही. तिने मला असं सहज सोडून द्यावं हे मला अजिबात पसंत पडलं नाही. चार शब्द ऐकवायला हवे होते तिने. मी तिच्या जागी असते तर चाळीस वर्षांचे ऐकवले असते, एकेका रविवारचे.

वर्ष झालं. टीव्ही तिथेच आहे. भोकं आठच आहेत. ईराने त्याच्यात माझं वेगळं नाव घातलं, रंगीत तोंडासकट, पण मला ते तोंड आवडत नाही. जैनब आठवड्यातून तीनदा येते. आम्ही दोघी सोफ्यावर बसतो; तिथवर यायला तिला दिवाळी ते संक्रांत लागली. मालिका लावतो, आवाज बंद करतो आणि गळे बघतो. हल्लीचे गळे म्हणजे गळे नव्हेत, दरोडे आहेत. जैनब म्हणते, "कापड वाचवलंय, अक्कल बी वाचवलेय." बाहेर भात पिवळं होतं, वास वळसा घेऊन येतो, आणि कापणीवाल्यांचा आवाज आला की ती मला सांगते किती कापून झालं, कारण ती बांधावरून आलेली असते, मी नाही.

सगळं ठीक चाललंय म्हणाल तर चाललंय. एक सोडून.

काल आली. चपला जोडून ठेवल्या. दार सताड उघडं. मी समोरच बसलेली, डोळ्यांत डोळे. तरी उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "येऊ का?"

"नको येऊस!" मी ओरडले. "वर्षभर तेच! विचारायचं नाही म्हणून कितीदा सांगू? तुझ्या घरी मी विचारते का?"

"बरं, बरं. वरडू नको. नाय इचारत." आणि आत आली.

परवा परत विचारील. चाळीस वर्षांची सवय आहे, एका वर्षात कशी मोडेल? ती माझ्यामुळेच लागलेली, तेव्हा जैनबवर ओरडण्यात अर्थ नाही हे मला कळतं, आणि तरी मी ओरडते. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आजी, ब्लडप्रेशर वाढलंय, कशाचा एवढा राग धरून बसलाय, आता सोडून द्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, सोडणार नाही. माझी एक मैत्रीण आहे. एक दिवस ती चपला काढून, मान वर न करता, काही न विचारता, बडबडत सरळ माझ्या घरात शिरेल. तोवर मला मरायला सवड नाही.